मळीपासून मोटारीपर्यंत : पर्यायी इंधनाचे नियम आणि आपला ऊसदर



कोणत्याही गावी गट बैठक घेतली, मग ती लोहोणेरची असो की खामखेड्याची, उसाच्या नोंदी आणि तोडणीच्या पाळीचे विषय संपले की एक प्रश्न ठरलेला असतो : "साहेब, पेट्रोलात आता वीस टक्के इथेनॉल घालतात म्हणे. ते आपल्याच उसाचं ना? मग आपल्या बिलात त्याचं काय?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचे उत्तर एका कागदावर सापडत नाही. मळीला एक नियम, मद्यार्काला दुसरा, ऊसदराला तिसरा आणि गाडीच्या इंजिनाला चौथा. हे नियम वेगवेगळ्या खात्यांचे, काही दिल्लीचे तर काही मुंबईचे. सभासदाला ते एकत्र वाचायला मिळत नाहीत. म्हणून या अंकात त्यांची एकत्र मांडणी करीत आहे.

सार आधीच सांगून ठेवतो. इथेनॉलचा भाव कांद्यासारखा लिलावात ठरत नाही, तो सरकार ठरवते. किती करायचे आणि कशापासून करायचे हेही नियमाने ठरते, आणि तो नियम एखाद्या हंगामात मध्येच बदलू शकतो. तेव्हा पंपावरच्या टक्केवारीपेक्षा सभासदाने आपल्या कारखान्याच्या उताऱ्याच्या आकड्याकडे जास्त बारकाईने पाहिले पाहिजे. ते का, हे पुढे हिशोबाने दाखवितो.

१. ही गोष्ट आजची नाही

मद्यार्कावर गाडी चालविण्याचा विचार नवा आहे असे समजू नये. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, केंद्राने पॉवर अल्कोहोलसाठी स्वतंत्र कायदा केला होता. पेट्रोलात मद्यार्क मिसळणे हाच त्याचा विषय. पुढे स्वस्त पेट्रोल मिळत गेले, कायदा कागदावर राहिला आणि २००० साली तो रद्दही झाला.

दरम्यान मळीवर सरकारचे पक्के नियंत्रण होते. १९६१ च्या मळी नियंत्रण आदेशाने भाव आणि वाटप दोन्ही सरकारच्या हाती गेले. १९७१ मध्ये मद्यार्काच्या किमतीसाठीही आदेश निघाला. जुन्या सभासदांना आठवत असेल, मळी म्हणजे कारखान्याला डोकेदुखी होती. टाक्या भरल्या की ठेवायची कुठे, हा प्रश्न. जून १९९३ मध्ये केंद्राने हे भावनियंत्रण उठविले आणि मळीला बाजार मिळाला.

आता आपल्या जवळची गोष्ट. २००१ साली पेट्रोलात पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प देशात तीन ठिकाणी घेतले गेले : मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली. म्हणजे आज देशभर जे चालले आहे त्याची एक पहिली परीक्षा आपल्याच जिल्ह्यात, चांदवडच्या पलीकडे, मनमाडला झाली. त्यानंतर जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रण सुरू करण्यात आले.

पण पुढे काय झाले? त्याच सुमारास महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला, जोडीला दुष्काळ. ऊस घटला, मळी घटली, भाव वाढले आणि ऑक्टोबर २००४ मध्ये सक्ती सैल करावी लागली. २००६ मध्ये वीस राज्यांसाठी पुन्हा पाच टक्क्यांचा नियम झाला, तरी २०१३-१४ साली देशातील प्रत्यक्ष मिश्रण दीड टक्क्याच्या आसपासच होते. नियम पाच टक्क्यांचा, टाकीत दीड टक्का!

गाडी रुळावर आली ती भाव ठरल्यावर. डिसेंबर २०१४ पासून सरकार इथेनॉलचा खरेदी भाव जाहीर करू लागले. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने केवळ शेवटच्या मळीपासूनच नव्हे, तर बी हेवी मळी, उसाचा रस आणि खराब धान्य यांपासूनही इथेनॉल करण्यास वाट मोकळी केली. त्याच वर्षी मिश्रणासाठीच्या इथेनॉलवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जून २०२२ मध्ये दहा टक्के मिश्रण गाठले. वीस टक्क्यांची मुदत आधी २०३० होती, ती २०२५-२६ वर आणली गेली आणि २०२५ मध्ये तो टप्पाही गाठला गेला.

यातून धडा एकच. इच्छा आणि सक्ती यांनी इथेनॉल झाले नाही. भाव आणि कच्चा माल यांची सांगड बसली तेव्हाच ते झाले.

२. एक टन उसातून काय निघते

हिशोब समजण्यासाठी तीन वाटा लक्षात ठेवाव्यात.

पहिली वाट, सी हेवी. रसातून काढता येईल तेवढी साखर काढून घ्यायची आणि उरलेल्या शेवटच्या मळीपासून इथेनॉल करायचे. एक टन उसाला साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते आणि तिच्यापासून सुमारे १० लिटर इथेनॉल मिळते. साखर पूर्ण मिळते.

दुसरी वाट, बी हेवी. साखरेचा शेवटचा फेरा न काढता मळी आधीच बाजूला घ्यायची. ही मळी जास्त आणि गोड. टनाला साधारण २० लिटरपर्यंत इथेनॉल मिळते, पण उताऱ्यात सुमारे दीड टक्का घट येते. म्हणजे टनामागे १५ किलोच्या आसपास साखर पोत्यात न जाता टाकीत जाते.

तिसरी वाट, सरळ रस किंवा पाक. साखर करायचीच नाही. एक टन उसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळते.

तिन्हींचे भाव वेगळे आहेत. २०२४-२५ साठी सी हेवीचा भाव लिटरला ५७ रुपये ९७ पैसे ठरला. बी हेवीचा ६० रुपये ७३ पैसे आणि रसापासूनच्या इथेनॉलचा ६५ रुपये ६१ पैसे हे मात्र २०२२-२३ मध्ये ठरलेलेच कायम ठेवले. आता हे पाहा : २०२२-२३ च्या हंगामात उसाचा एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, क्विंटलला ३०५ रुपये होता आणि २०२५-२६ साठी तो ३५५ झाला. टनाला पाचशे रुपये ऊसदर वाढला, पण या दोन इथेनॉलांचा भाव २०२४-२५ पर्यंत जागचा हलला नाही. कारखानदारीची ओरड याच जागी आहे आणि ती खोटी नाही.

बी हेवी परवडते का, हे कागदावर करून पाहू. टनामागे २० लिटर गुणिले ६०.७३ म्हणजे १,२१४ रुपये. सी हेवीच्या वाटेने १० लिटरचे ५८० रुपये, शिवाय १५ किलो साखर. साखरेचा भाव किलोला ३८ रुपये धरला तर तिचे ५७० होतात. एकूण ११५०. म्हणजे बी हेवीत टनामागे ६४-६५ रुपये जास्त दिसतात, पण त्यातून जादा दहा लिटर तयार करण्याचा खर्च वजा जायचा आहे. साखर ४२ रुपयांवर गेली तर हा फरक जवळपास संपतो. फायदा आहे तो वेगळ्या ठिकाणी : साखर गोदामात पडून राहते, तिच्यावर बँकेचे व्याज चढते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून त्यामानाने लवकर येतात. पैसा लवकर फिरला की उसाचे बिल वेळेवर निघते. "इथेनॉल म्हणजे सोन्याची खाण" असे कोणी सांगितले तर मान डोलावू नका, आणि "त्यात काही राम नाही" असे म्हटले तरी नको.

३. उताऱ्याचा प्रश्न : येथे आपले बिल अडकते

एफआरपी उताऱ्यावर ठरतो. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा, आणि खाली आल्यास त्याच हिशोबाने कमी. उतारा ९.५ टक्के किंवा त्याहून खाली असला तरी ३२९ रुपये ५ पैशांच्या खाली दर जात नाही. या रकमेतून आपल्याकडे तोडणी-वाहतूक वजा होते, हे सभासदांना ठाऊकच आहे.

आता समजा, एका कारखान्याचा खरा उतारा ११.५० आहे. त्याने बी हेवी मळी काढली आणि पोत्यांत दिसणारा उतारा १०.०० आला. कोणी दिसणारा आकडाच दराला धरला तर काय होईल? ११.५० ला दर होतो क्विंटलला ३९८ रुपये २५ पैसे. १०.०० ला होतो ३४६ रुपये ३५ पैसे. फरक ५१ रुपये ९० पैसे, म्हणजे टनाला ५१९ रुपये. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाचे ५१,९०० रुपये! ऊस तोच, गोडी तीच, फक्त साखर पोत्याऐवजी टाकीत गेली.

असे होऊ नये म्हणून नियमात तरतूद आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ मध्ये जुलै २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. रस किंवा बी हेवी मळीपासून इथेनॉल केल्यास उतारा धरताना दर ६०० लिटर इथेनॉल म्हणजे एक टन साखर झाली असे समजावे, असे ती सांगते. रसाचे उदाहरण घ्या. एक टनापासून ७० लिटर झाले. ७० भागिले ६०० म्हणजे ०.११६७ टन, म्हणजेच ११.६७ टक्के उतारा धरला जाईल. साखर एक दाणा झाली नाही तरी ऊस बिनउताऱ्याचा ठरत नाही. महाराष्ट्रात बी हेवीमुळे उताऱ्यात आलेली घट पुण्याजवळील मांजरी बुद्रुकच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडून प्रमाणित करून घेण्याची पद्धत आहे. ती घट मूळ उताऱ्यात मिळविल्यावरच दर काढायचा असतो.

म्हणून वार्षिक अहवालात उताऱ्याचे दोन आकडे पाहावेत : एक प्रत्यक्ष साखरेचा, दुसरा इथेनॉलकडे वळविलेली साखर धरून येणारा. दर दुसऱ्यावर निघाला पाहिजे.

४. सत्तर-तीसचे सूत्र आणि मळीची किंमत

एफआरपी हा किमान दर आहे. त्याच्या वरचा वाटा ठरविण्यासाठी महाराष्ट्राने २०१३ साली ऊसदर विनियमनाचा कायदा केला. साखर आणि प्राथमिक उपपदार्थ, म्हणजे बगॅस, मळी आणि प्रेसमड, यांच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा उत्पादकाचा. किंवा केवळ साखरेचे उत्पन्न धरले तर ७५ टक्के. हा हिशोब एफआरपीपेक्षा जास्त आला तर वरची रक्कम द्यायची.

यात एक बारीक गोष्ट आहे. प्राथमिक उपपदार्थांत मळी आहे, इथेनॉल नाही. म्हणजे मळी बाहेर विकली तर तिचा विक्रीभाव हिशोबात येतो, हे सरळ आहे. पण मळी कारखान्याच्या स्वतःच्या आसवनीत गेली तर? तेव्हा साखर विभागाने आसवनी विभागाला ती कोणत्या भावाने दिली, तो आकडा हिशोबात येतो. तो बाजारभावापेक्षा कमी धरला तर आसवनी फायद्यात दिसेल आणि उत्पादकाचा वाटा तेवढा घटेल. इथेनॉलचे उत्पन्नही सूत्रात धरावे अशी शेतकरी संघटनांची मागणी आहे. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे : आसवनीचे कर्ज, व्याज आणि देखभाल कारखान्याला त्याच उत्पन्नातून फेडायची असते, आणि सहकारी कारखान्यात ते कर्ज अखेर आपलेच असते. वाद काहीही असो, मळीचा अंतर्गत भाव काय लावला, एवढे विचारण्याचा हक्क सभासदाला आहे.

५. नियम रात्रीत बदलतो : डिसेंबर २०२३

२०२३ चा पावसाळा आठवा. आपल्याकडे विहिरींनी दिवाळीपूर्वीच तळ दाखविला. महाराष्ट्र-कर्नाटकात ऊस घटणार, साखर कमी पडणार असा अंदाज झाला. गाळप सुरू होऊन जेमतेम महिना झाला तोच ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राचा आदेश आला : त्या वर्षी उसाचा रस व पाक यांपासून इथेनॉल करू नये. कारखान्यांनी कर्ज काढून यंत्रे बसविलेली, तेल कंपन्यांशी करार झालेले. ओरड झाल्यावर १५ डिसेंबरला थोडी सवलत मिळाली. देशभरात १७ लाख टन साखरेएवढाच रस व बी हेवी मळी इथेनॉलकडे वळविता येईल, अशी मर्यादा घातली गेली. शिल्लक पडलेली बी हेवी मळी वापरण्यास परवानगी मिळेपर्यंत एप्रिल २०२४ उजाडला. २०२४-२५ साठी ऑगस्ट २०२४ मध्ये बंधन उठविले आणि २०२५-२६ साठीही कोणत्याही वाटेने इथेनॉल करण्यास मुभा दिली गेली.

सरकारची बाजू समजून घेतली पाहिजे. साखर ही घराघरात लागणारी वस्तू आहे, तिचा भाव भडकला तर कोणतेही सरकार हात बांधून बसत नाही. पण आपणही समजून असावे की टंचाईच्या वर्षी पहिला मान साखरेचा, इथेनॉलचा नंतर. जो कारखाना सगळा हिशोब इथेनॉलवर मांडेल, त्याला असे एक वर्ष जड जाईल.

६. ब्राझीलने काय शिकविले

या विषयात जगात ब्राझील वडीलधारा. तेलाचे भाव भडकल्यावर त्यांनी १९७५ साली मद्यार्क इंधनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. १९७९ पासून निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या मोटारी विक्रीस आल्या. पण १९८९ च्या सुमारास साखरेला बाहेर चांगला भाव आला, कारखाने साखरेकडे वळले आणि पंपावर इथेनॉल मिळेना. लोकांच्या गाड्या दारात उभ्या राहिल्या. त्या गाड्यांवरचा विश्वास जो उडाला तो वर्षानुवर्षे परत आला नाही. २००३ मध्ये 'फ्लेक्स' गाडी आली, म्हणजे पेट्रोल, इथेनॉल किंवा दोहोंचे कसलेही मिश्रण चालणारी. मग गिऱ्हाईक निर्धास्त झाले. ऑगस्ट २०२५ पासून तेथे साध्या पेट्रोलातही ३० टक्के इथेनॉल असते.

आपल्याकडेही फ्लेक्स इंजिनाची चर्चा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये अशा एका मोटारीचा नमुना दिल्लीत दाखविला गेला. इथेनॉल व मिथेनॉलवर चालणाऱ्या वाहतुकीच्या वाहनांना परवान्याच्या अटीतून सूट देणारी केंद्राची अधिसूचना तर ऑक्टोबर २०१८ चीच आहे. पण नियम आधी आणि गाड्या मागून, अशी ही चाल आहे. वीस टक्क्यांच्या पुढची मागणी अशा गाड्या रस्त्यावर किती येतात यावर ठरेल, आसवन्या किती बांधल्या यावर नव्हे.

७. मद्यार्कावर अधिकार कोणाचा?

मळीची टाकी, तिची वाहतूक, आसवनीचे कुलूप, या सर्वांवर राज्य उत्पादन शुल्क खात्याची नजर असते. आपल्याकडे त्याचा आधार १९४९ चा दारूबंदी कायदा. पिण्याच्या मद्यार्कावर राज्याचा अधिकार, यात वाद नाही. वाद होता औद्योगिक मद्यार्काचा. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी तो अधिकार बहुतांशी केंद्राकडे असल्याचे म्हटले होते. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा मताने तो निर्णय फिरविला आणि औद्योगिक मद्यार्काचे नियमन राज्येही करू शकतात असे ठरविले.

सभासदाला याचे काय? उद्या राज्याने यावर काही शुल्क बसविले तर तो खर्च आसवनीच्या हिशोबात येईल, कारण विक्रीचा भाव तर केंद्राने बांधलेला आहे. वर भाव बांधलेला, खाली शुल्क वाढते, मधे कारखाना. तेव्हा कारखान्यांच्या संघांनी आणि आपल्या प्रतिनिधींनी या बाजूकडे लक्ष ठेवणे जरूर आहे.

८. वाटेकरी आला : मका

आपल्या कसमादे पट्ट्यात मका काही कमी होत नाही. मक्यापासूनच्या इथेनॉलला २०२३-२४ पासून लिटरला ७१ रुपये ८६ पैसे भाव मिळू लागला, उसाच्या कोणत्याही वाटेपेक्षा जास्त. परिणाम असा की २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी जे वाटप केले त्यात उसापासूनच्या इथेनॉलचा वाटा सुमारे २८ टक्केच आला, बाकी धान्याचा. पंपावरचे वीस टक्के सगळे उसाचे, हा समज काढून टाकावा.

मार्च २०२५ मध्ये केंद्राने सहकारी कारखान्यांच्या आसवन्यांना मका व खराब धान्यही वापरता यावे म्हणून यंत्रबदलाच्या कर्जावर व्याज सवलतीची योजना काढली. गाळप संपल्यावर आसवनी सहा महिने थंड पडते, त्या काळात तिला काम मिळावे हा हेतू. कल्पना चांगली आहे. पण मका किती, कोणत्या भावाने आणि किती वर्षे मिळेल, हे पाहूनच असे कर्ज काढावे. मक्याला भाव चढला की तोच मका कोंबडीखाद्यवाले आधी उचलतात, हे आपण बाजार समितीत पाहतोच.

९. आपल्या गाड्या : कामाच्या चार गोष्टी

पहिली : वीस टक्के मिश्रणाला चालणारे रबर, नळ्या व धातूचे भाग असलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून आणि त्या इंधनासाठीच जुळविलेली इंजिने एप्रिल २०२५ पासून, असा टप्पा ठरविण्यात आला होता. त्याआधीची मोटारसायकल असेल तर घाबरण्याचे कारण नाही, पण रबरी नळी, वॉशर आणि पेट्रोल फिल्टर मेकॅनिककडून दाखवून घ्यावेत. इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडे पडते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या दुचाकींना ३ ते ४ टक्के आणि चारचाकींना ६ ते ७ टक्के घट धरली आहे.

दुसरी : इथेनॉल पाणी ओढते. टाकीत पाणी गेले तर पाणी आणि इथेनॉल खाली बसते, पेट्रोल वर राहते आणि गाडी बंद पडते. पावसाळ्यात टाकीचे झाकण घट्ट असावे. फवारणीचा पेट्रोल पंप, गवत कापायचे यंत्र यांत हंगाम संपल्यावर पेट्रोल साठवून ठेवू नये, टाकी रिकामी करून ठेवावी.

तिसरी : ट्रॅक्टरच्या डिझेलमध्ये कोणाच्या सांगण्यावरून इथेनॉल किंवा स्पिरिट घालू नये. ते डिझेलात नीट मिसळत नाही, पंप व नोझलची हानी होते. आणि कारखान्यातील मद्यार्क बाहेर नेणे हा गुन्हा तर आहेच, पण औद्योगिक मद्यार्कात विषारी द्रव्य मिसळलेले असू शकते, ते जिवावर बेतते.

चौथी : ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर किंवा टेम्पो सीएनजीवर करून घ्यायचे असतील तर मान्यताप्राप्त किटच बसवावे, परिवहन कार्यालयात नोंदपुस्तकावर बदल चढवून घ्यावा आणि टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करावी. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरील मूल्यवर्धित कर साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला, पण जुलै २०२५ पासून खासगी सीएनजी चारचाकींचा वाहनकर एक टक्क्याने वाढविला. एका हाताने दिले, दुसऱ्याने थोडे घेतले. हिशोब करूनच पाऊल टाकावे.

१०. प्रेसमड, गॅस आणि गिरणेचे पाणी

सीएनजी विकणाऱ्या कंपन्यांनी आपल्या गॅसमध्ये जैविक गॅस मिसळावा असा नियम आता आला आहे : २०२५-२६ मध्ये एक टक्का, पुढे वाढत २०२८-२९ मध्ये पाच टक्के. प्रेसमडपासून हा गॅस होतो. साधारण २५ टनांपासून एक टन. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या कोपरगावला सहकारी कारखान्याच्या अशा प्रकल्पाचे उद्घाटन झाले.

माझे म्हणणे एवढेच की प्रेसमड हे आपल्या जमिनीचे खत आहे. गॅस काढल्यावर उरलेले खत रास्त भावात सभासदाच्या शेतात परत आले पाहिजे. असा करार करताना ही अट आधी लिहून घ्यावी, मागाहून कोणी देत नाही. आणि आसवनी म्हटली की सांडपाणी आलेच. एक लिटर मद्यार्कामागे ८ ते १५ लिटर सांडपाणी निघते. त्याचा एक थेंबही बाहेर जाऊ नये असा नियम आहे. गिरणेकाठी ज्यांच्या विहिरी आहेत त्यांनी हा नियम कारखान्याच्या विरोधातला न समजता आपल्या विहिरीच्या राखणीचा समजावा.

११. वार्षिक सभेत विचारावयाचे पाच प्रश्न

आपला कारखाना असो वा पाहुण्यांच्या गावचा, सभासदाने हे प्रश्न शांतपणे आणि आकडे मागून विचारावेत :

(१) यंदा किती ऊस सी हेवी, किती बी हेवी आणि किती सरळ रसाच्या वाटेने गेला?

(२) उताऱ्यातील घट किती, ती कोणी प्रमाणित केली आणि एफआरपी कोणत्या उताऱ्यावर काढला?

(३) मळी स्वतःच्या आसवनीला दिली असल्यास कोणत्या भावाने? त्या वेळी बाजारभाव काय होता?

(४) आसवनीचे कर्ज किती राहिले आहे आणि इथेनॉलबंदीचे एखादे वर्ष आले तर हप्ता कशातून भरणार?

(५) प्रेसमड व राख यांतून सभासदाला परत काय मिळते?

हे प्रश्न कोणाला अडचणीत आणण्यासाठी नाहीत. ज्या संचालक मंडळाकडे उत्तरे तयार असतात त्याचा मान अशा प्रश्नांनी वाढतोच.

शेवटी ऊस विकास खात्याचा माणूस म्हणून शेताकडे येतो. काही जण म्हणतात, "इथेनॉलच करायचं तर ऊस कसाही चालतो, शिळा असला तरी काय बिघडलं?" हे चूक आहे. शिळ्या उसातली साखर फुटते. तिच्यापासून मद्यार्क काही प्रमाणात होईलही, पण पोत्यातला उतारा पडतो, वजन घटते, आणि आपला दर उताऱ्यावर आहे. पक्व ऊस, जमिनीलगत तोड, पाचट-वाढे काढून स्वच्छ मोळी आणि तोडल्यापासून २४ तासांत गव्हाणीत, हे जुने सूत्र इथेनॉलच्या काळातही बदललेले नाही. साखर करा नाहीतर इंधन करा, दोन्ही उसाच्या गोडीतूनच निघते, आणि ती गोडी शेतातच तयार होते. सुरू लागणीच्या नोंदी गट कार्यालयात चालू आहेत. बेणे बदलायचे असेल त्यांनी नोंदीच्या वेळीच सांगावे.

— ऊस विकास अधिकारी